सहल चौघांची, पाकिटं चार

*ताई, मी २५ वर्षांचा, मूळचा बार्शीचा. श्टुटगार्टला मास्टर्स केलं, जुलैअखेर थिसिस दिला. नोकरी अजून नाही. दोन मुलाखती झाल्यात, पुढे काही कळलेलं नाही. आम्ही चौघं मित्र आहोत: मी, एक हैदराबादचा, एक नाशिकचा आणि दिल्लीची एक मैत्रीण. सप्टेंबरमध्ये युरोप फिरायचं ठरलंय. २१ दिवस, ९ देश, इंटररेलचा पास, माणशी २१०० युरो. माझ्या खात्यात सगळे मिळून २६०० आहेत. वर १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज, दहा टक्क्यांनी. बाबा झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, ‘आधी नोकरी, मग भटकंती.’ मित्र म्हणतात, ‘तू चल रे, पैसे नंतर दे.’ हैदराबादचा मित्र या ट्रिपनंतर कायमचा भारतात परत जातोय. पहिल्या डिसेंबरात मी तापाने आठ दिवस आडवा होतो, तेव्हा त्यानेच सगळं केलं होतं. जाऊ की नको? आणि गेलो तर माझी ऐपत नाही हे त्यांना कसं सांगू?*
*— अडकलेला, श्टुटगार्ट*

प्रिय अडकलेल्या,

जा. पण नऊ दिवस. आणि उसने पैसे घेऊन नाही.

आता जरा विस्ताराने. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा पैशाचा प्रश्न वाटला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की २१ दिवस, ९ देश, २१०० युरो हे आकडे तू इतके घडाघडा लिहिलेस, पण ‘मला एवढंच झेपेल’ असा तुझा स्वतःचा आकडा पत्रात कुठेच नाही. मित्रांनाही तो सांगितला नसणार. सांगितला असतास तर ‘ऐपत नाही हे कसं सांगू’ असं विचारलंच नसतंस. म्हणून आधी तो आकडा काढू.

तुझ्या कर्जाचं व्याज वर्षाला दीड लाख. महिन्याला साडेबारा हजार, दिवसाला चारशेच्या वर. तू झोपलेला असलास तरी ते चालू असतं. पण मला तुझ्या खात्यातल्या त्या २६०० युरोंची जास्त काळजी वाटते. जर्मनीत पदवी झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो आणि त्यावर कुठलंही काम करता येतं, हे तुला माहीत असेलच. पण तो मागताना ‘मी माझा खर्च भागवू शकतो’ हे दाखवावं लागतं. तुझे ते २६०० म्हणजे नुसती शिल्लक नाही, तुझ्या अर्जाचा कागद आहे. २१०० उडवून पाचशे युरो खात्यात घेऊन परदेशी नागरिक कार्यालयाच्या खिडकीपुढे उभं राहायचं का, हे तूच ठरव. शिवाय विद्यार्थी म्हणून नाव कमी झालं की विद्यार्थ्यांच्या दरातला आरोग्य विमा संपतो, सेमिस्टरचं प्रवासाचं तिकीट संपतं आणि ‘वेर्कश्टुडेंट’ म्हणून, म्हणजे शिकता शिकता, कुठे काम करत असशील तर तेही संपतं. हे सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं. आमच्या वेळीही यायचं आणि आम्हीही ते शेवटच्या आठवड्यापर्यंत बघत नसू.

तेव्हा परवान्याचा अर्ज तू सहलीला निघायच्या आधी जाऊ दे, आत्ताच्या निवास कार्डाची मुदत असतानाच. त्या कार्यालयातल्या भेटीची तारीख सप्टेंबरातलीच मिळाली तर सहल तिच्याभोवती बसव, तारीख सहलीभोवती नाही. मुलाखतवाल्यांनाही कळव की अमुक दिवस मी प्रवासात आहे, फोनवर सापडेन. यात लाजण्यासारखं काही नाही. जर्मन लोक स्वतः सुट्टीला किती गंभीरपणे घेतात ते तू पाहिलं आहेसच.

आता सहल. २१ दिवसांत ९ देश म्हणजे काय, तर अष्टविनायकाची बस. उतरा, दर्शन घ्या, फोटो काढा, चढा. तुमच्या यादीत पूर्वेकडची चार ठिकाणं आहेत असं मी धरून चालते, कारण प्रत्येकाच्या यादीत ती असतात: साल्झबुर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग. ती आधी घ्यायला लाव. पॅरिस, बार्सिलोना, रोम पुढे राहू देत. त्या पहिल्या टप्प्यात तू आहेस. प्रागहून ते तिघं पुढे जातील, तू परत येशील.

त्या टप्प्याला इंटररेल लागत नाही. इंटररेल म्हणजे आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास, फक्त युरोपभर चालणारा. १९७२पासून आहे, २७ वर्षांपर्यंतच्यांना स्वस्त पडतो आणि पासपोर्ट भारतीय असला तरी तू राहतोस जर्मनीत, म्हणून तुला मिळतो. पण ज्या देशात राहतोस तिथे तो एकदा बाहेर पडायला आणि एकदा आत यायलाच चालतो. आणि फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. तुमच्या २१०० मध्ये ते धरलेत का, विचार. माझा अंदाज, धरलेले नाहीत.

जर्मनीतल्या प्रवासाला तुला डॉइचलांड तिकीट पुरेल, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास. ते २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, मग ५८ झालं, २०२६पासून ६३ आहे. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. लोकल आणि रिजनल गाड्यांत देशभर चालतं आणि गंमत म्हणजे सीमा ओलांडून साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंतही चालतं. श्टुटगार्ट, उल्म, म्युनिक, साल्झबुर्ग. गाड्या बदलाव्या लागतील, अर्धा दिवस जाईल, जाऊ दे. फक्त दोन गोष्टी. हे तिकीट कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, तेव्हा जाणं-येणं दोन्ही सप्टेंबरात बसव. आणि ती वर्गणी आहे, आपोआप पुढे चालू राहते. १० तारखेच्या आत रद्द केली नाहीस तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. सहलीच्या नादात ही १० तारीख हमखास निसटते.

पुढे साल्झबुर्ग ते व्हिएन्ना आधी काढलेल्या तिकिटावर बस किंवा ट्रेन. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा तासाभरावर. तिथे दुपार काढून संध्याकाळी बुडापेस्ट. मग प्राग. प्रागहून बसने दोनेक तासांत ड्रेस्डेन, आणि तिथून पुन्हा डॉइचलांड तिकिटावर होफ, न्युर्नबेर्ग करत श्टुटगार्ट. हा शेवटचा दिवस अख्खा गाडीत जातो. मला विचारशील तर असा एक दिवस खिडकीशी एकट्याने बसून काढणं काही वाईट नाही, पण ती माझी आवड झाली.

हिशेब असा. आठ रात्री, डॉर्ममधली कॉट सरासरी २५ युरो धरली तर २००. खाणं रोज १४ प्रमाणे नऊ दिवसांचे १२६. प्रवास १६०च्या आसपास. शहरातल्या ट्राम, तिकिटं, एखादी बिअर, किरकोळ, सत्तर. झाले साडेपाचशे. रुपयांत पंचावन्न हजारांच्या घरात, म्हणजे तुझ्या कर्जाचं जवळजवळ साडेचार महिन्यांचं व्याज. हे स्वतःपासून लपवू नकोस. लपवलंस तर तिसऱ्या दिवशी बुडापेस्टच्या पुलावर मनातल्या मनात गुणाकार सुरू होतील. घरीच करून टाक. खात्यात दोन हजारांवर राहतात, ती तुझी सीमारेषा.

उसने का नको, ते सांगते. २००७ साली मी तिकडेच शिकत होते. तेव्हा शनिवार-रविवारचं एक तिकीट मिळायचं. पाच जणांत मिळून पस्तीसेक युरो, साध्या गाड्यांनी दिवसभर कुठेही. आम्ही चौघीच असलो की फलाटावर पाचवं माणूस शोधायचो, अनोळखी चाले. माणशी सात युरोंत देश पालथा घातला आम्ही. मग एकीच्या डोक्यात व्हेनिस आलं. माझ्याकडे तेवढे नव्हते. मैत्रीण म्हणाली, मी भरते, सावकाश दे. १२० युरो. फेडायला मला सात महिने लागले. तिने एकदाही आठवण केली नाही. पण त्या सात महिन्यांत मी तिच्यासमोर कॅन्टीनमध्ये कॉफी घ्यायला लाजायचे. ती हातातल्या कपाकडे बघतेय असं वाटायचं. बघतही नसेल. हळूहळू मी त्या टेबलावर बसायचं टाळायला लागले. पैसे फिटले, पण सवय राहिली. व्हेनिसचं मला विशेष काही आठवत नाही, कॅन्टीनचं ते टेबल आठवतं.

पुष्कळ वर्षांनी तिनेच सांगितलं की ते १२० युरो तिच्याकडेही नव्हते, तिने क्रेडिट कार्डावर टाकले होते. चौघींत कुणालाच व्हेनिस परवडत नव्हतं. पण कुणी आधी बोललं नाही.

म्हणून तुझ्या हैदराबादच्या मित्राबद्दल एक शंका. तो कायमचा परत जातोय असं तू लिहिलंस, का ते लिहिलं नाहीस. नोकरी लागली म्हणून की लागली नाही म्हणून? माझा अंदाज चुकत असेल, पण चौघांत आकडे मोजणारा तू एकटाच आहेस यावर माझा विश्वास नाही. तू बोललास तर एखाद्याचा जीव भांड्यात पडेल.

बोलायचं कसं, तर छोटं आणि एकदाच. ग्रुपवर, तुमच्या त्या हिंदी-इंग्रजी मिसळीत: ‘माझं बजेट साडेपाचशे आहे. पहिले नऊ दिवस येतो, प्रागहून परत. बाकी तुम्ही पुढे जा.’ संपलं. कर्ज, बाबा, व्याज, मुलाखत, यातलं काही घालू नकोस. कारणं दिलीस की लोक प्रेमाने ती खोडून काढायला बसतात, आणि मग ‘अरे आम्ही भरतो’ सुरू होतं. आलंच तर ‘नको रे, असंच बरं आहे’ एवढं म्हण आणि कॉट बुक करायच्या कामाला लाग. कामाला लागलेल्या माणसाशी फार कुणी वाद घालत नाही.

निघायच्या आधी एक ठरवून घ्या: काँट्री कशाची आणि टीटीएमएम कशाचं. कॉलेजच्या ट्रेकला आपण सगळ्याचीच काँट्री काढतो आणि खपून जातं, कारण तिथे खर्च म्हणजे एसटी, कांदापोहे आणि चहा. इथे एकाला बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या बाथमध्ये डुंबायचंय, एकाला क्लबात जायचंय, आणि रात्री सगळ्याची बेरीज करून भागिले चार केलं की न डुंबलेला माणूस आतल्या आत चरफडतो. कॉट आणि किराणा सामायिक. बाकी तुझं तू, माझं मी. ॲपवर लिहायचं तर रोज रात्री लिहा, शेवटी बसून नको. शेवटी कुणालाच काही आठवत नसतं, आणि ज्याला आठवतं तो कंजूष ठरतो.

किराणा म्हटलं म्हणून सांगते, १४ युरोंत दिवस निघतो तो एक वेळ हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात जेवलं तरच. न्याहारीला सुपरमार्केटातला ब्रेड आणि दही, दुपारी पायी फिरताना काहीबाही, रात्री भात. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३पासून, आणि ते आपल्या कुठल्याही बाटलीतल्या पाण्यापेक्षा गोड आहे. बुडापेस्टला फोरिंट आणि प्रागला कोरुना चालतं. एटीएम किंवा कार्डाचं यंत्र ‘युरोत घेऊ का’ असं आदबीने विचारेल. नाही म्हणायचं. तिथल्याच चलनात घ्यायचं. तो आदब फार महाग पडतो.

व्हिएन्नात एक संध्याकाळ मात्र राखून ठेव. तिथल्या सरकारी ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात, हंगाम सप्टेंबरातच सुरू होतो. मी गेले तेव्हा चार युरोंच्या आत मिळालं होतं, आता वाढलंय, तरी बसायच्या तिकिटाच्या मानाने काहीच नाही. तेव्हा आत गेलं की जागा कशी धरायचे माहितीये? पुढच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून. बांधला की जागा आपली, खुशाल बाहेर फिरून यायचं. मी बांधला आणि हसू आवरेना. झुंबरं, लाल मखमल, आजूबाजूला सूटबूट, आणि रीत आमच्या सोलापूर स्टँडवरची, खिडकीतून सीटवर रुमाल टाकायची. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे रागाने बघितलं. त्यांना काय सांगणार! ऑपेरा तासाभराने जड झाला हेही कबूल करते. मध्यंतरानंतर मी निघाले, रुमाल तिथेच विसरून.

कागदांचं थोडक्यात. पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही अस्सल, अंगावर. मोबाइलमधला फोटो चालत नाही. शेंगेन, म्हणजे आतल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेला युरोप, असलं तरी जर्मनीने २०२४च्या सप्टेंबरपासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली, आणि गाडीत पोलीस आले की आपल्यासारख्या चेहऱ्यांकडे आधी बघतात, हे वाईट असलं तरी असं आहे. सरकारी विम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपीय आरोग्य कार्ड असते, ती तुझ्या या चार देशांत चालते. मित्र पुढे स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे करणार असतील तर त्यांना सांग की भारतीय नागरिकाला तिथे ते कार्ड उपयोगी नाही, वेगळा प्रवास विमा काढा. स्वित्झर्लंडला मोबाइलचं रोमिंगही युरोपीय संघाच्या फुकटात येत नाही. आणि स्वस्त विमानं घेणार असतील तर विमानतळाचं नाव पुरतं वाचा म्हणावं. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे पुण्याला जायचं आणि उतरायचं खंडाळ्याच्याही पलीकडे.

पॅरिस राहिलं म्हणून हळहळू नकोस. लुव्र आणि तिथली राष्ट्रीय संग्रहालयं युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना फुकट असतात, निवास परवाना दाखवायचा. पुढचा वाढदिवस येईपर्यंत तुला मुभा आहे. डॉइचलांड तिकिटावर केल या सीमेवरच्या गावापर्यंत जा, तिथून ट्रामने ऱ्हाइन ओलांडली की स्ट्रासबुर्ग, म्हणजे फ्रान्स, तिथून पुढे बस. एखाद्या शनिवार-रविवारी होण्यासारखं आहे. नोकरी लागली तर पेढ्यांऐवजी.

राहता राहिले बाबा. त्यांना फोन कर, मेसेज नाही, आणि निघायच्या आधी. सहलीचा फोटो आत्याच्या मोबाइलवर आधी पोचला आणि आत्याकडून बाबांकडे गेला, तर मग साडेपाचशे काय आणि दोन हजार काय, ‘पोरगं न सांगता फिरतंय’ एवढंच उरतं. तारखा सांग, रक्कम सांग, परवान्याचा अर्ज केल्याचं सांग, खात्यात किती राहणार ते सांग. झेडपीच्या मास्तरांना हजेरीपट लागतो. ‘आधी नोकरी’ म्हणताना त्यांना व्हिएन्नाचा राग नसतो, मुलाच्या दिवसांचा हिशेब लागत नाही याची भीती असते. तरी ते ‘बघ बाबा तुझं तू’ असं म्हणतील. आपल्याकडे ते ‘हो’च असतं. आणि त्या मित्राने तापात तुझं काय काय केलं हे त्यांना माहीत आहे का? नसेल तर ते आधी सांग, सहलीचं मग.

— तुझी ताई

ता. क. मेतकूट ने. गरम भात, मेतकूट, दही, चौघं जेवतात आणि हैदराबादीही नाव ठेवत नाही. पण हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फोडणी करू नकोस. मी एकदा मोहरी तडतडवली आणि छतावरची धुराची घंटा अशी काही कोकलली की तीन मजले पायजम्यात रस्त्यावर. खिचडी मात्र उत्तम झाली होती, रस्त्यावर उभ्या एका पोर्तुगीज मुलानेही खाल्ली.